‘हमखास गुण येतो’ असं का वाटतं? मूल होण्याचे अप्रमाणित उपाय आणि थायरॉइडचा खरा संबंध

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात दाराशेजारी किंवा मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये एकच जाहिरात वेगवेगळ्या रूपांत दिसते. ‘लग्नाला वर्षं झाली, मूलबाळ नाही? एकदा भेटा, हमखास गुण.’ जोडीला नात्यातल्या कुणाचा तरी सल्ला असतोच. अमुक गावात एक वैदू आहे, पाळीच्या पाचव्या दिवशी दुधातून औषध देतो, आमच्या जावेच्या बहिणीला तिसऱ्याच महिन्यात दिवस राहिले.

असं सांगणारी माणसं बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. जावेच्या बहिणीला खरोखरच दिवस राहिलेले असतात. प्रश्न एवढाच, की ते औषधामुळे राहिले, की औषध चालू असताना राहिले?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं की महिने आणि वर्षं निघून जातात. काही जोडप्यांच्या बाबतीत मंदावलेल्या थायरॉइडसारखं, साध्या रक्त तपासणीत कळणारं कारण तोवर तसंच राहतं. दुसरीकडे थायरॉइडच्या नावानेही आता काढे, चूर्णं आणि ‘मुळापासून बरं करणारी’ पॅकेजेस विकली जातात. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात. अप्रमाणित उपायांना गुण येतो असं का वाटतं, आणि थायरॉइडचा गर्भधारणेशी नेमका किती संबंध आहे?

वंध्यत्व नेमकं कशाला म्हणतात?

गर्भनिरोधक साधन न वापरता, नियमित संबंध ठेवूनही १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकीय भाषेत त्याला वंध्यत्व म्हणतात. मूल कधीच होणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आता तपासणीची वेळ झाली, एवढाच तो इशारा असतो. स्त्रीचं वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ही मुदत सहा महिन्यांची धरतात. पाळी फारच अनियमित असेल, आधी गर्भपात झाले असतील किंवा थायरॉइडचा त्रास पूर्वीपासून असेल, तर थांबण्याची गरजच नसते.

हा त्रास दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. ‘व्यक्ती’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण एकट्याने किंवा स्त्रीच्या कारणासोबत आढळतं. तरीही नवस, उपास, अंगारे आणि औषधांच्या पुड्या बहुतेक घरांत सुनेच्याच वाट्याला येतात. वीर्य तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. पण ती अनेकदा सर्वांत शेवटी होते.

औषध नसतानाही ‘गुण’ कसा येतो?

इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू करणाऱ्या १०० जोडप्यांपैकी ८० हून अधिक जोडप्यांमध्ये पहिल्या वर्षभरात गर्भधारणा होते. ज्यांना पहिल्या वर्षी यश येत नाही, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जोडप्यांना पुढच्या वर्षी कोणत्याही उपचाराविना दिवस राहतात.

आता समजा, पहिल्या वर्षी यश न आलेली १०० जोडपी एखाद्या वैदूकडे गेली. त्याने सगळ्यांना निव्वळ हळदीची पूड दिली, तरी वर्षभरात त्यातल्या ५० च्या आसपास घरांत पाळणा हलेल. ती ५० कुटुंबं पेढे घेऊन येतील, चार नातेवाइकांना पत्ता देतील. उरलेली ५० कुटुंबं परत येणार नाहीत. ‘आमच्या नशिबात नव्हतं’ म्हणून ती गप्प बसतील किंवा दुसरा वैदू गाठतील. वैदूच्या कानावर फक्त पेढे आणणाऱ्यांचा आवाज पडेल, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्याही. यात कुणी कुणाला जाणूनबुजून फसवलं, असंही म्हणायची गरज उरत नाही.

म्हणूनच आधुनिक वैद्यकात एखादा उपाय सिद्ध मानण्यासाठी तुलना लागते. सारख्या स्थितीतल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करायचे. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. मग दोन्ही गटांत किती मुलं जन्माला आली ते मोजायचं. ‘अप्रमाणित’ उपाय म्हणजे अशी तुलना झालेली नाही किंवा झाली तेव्हा फरक दिसला नाही, असा उपाय. तो गावच्या झाडाखाली मिळतो की वातानुकूलित दवाखान्यात, याच्याशी या व्याख्येचा काही संबंध नाही.

थायरॉइड ग्रंथीचं काम काय?

थायरॉइड हे खरं तर आजाराचं नाव नाही. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर बसलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीचं ते नाव आहे. ती अन्नातलं आयोडीन वापरून टी-४ म्हणजे थायरॉक्सिन आणि टी-३ ही दोन संप्रेरकं बनवते. शरीरातल्या पेशींनी कोणत्या वेगाने काम करायचं, हे या संप्रेरकांवर ठरतं. हृदयाचे ठोके, पचन, शरीराचं तापमान आणि पाळीचं चक्र यांवर त्यांचा परिणाम होतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडवर देखरेख ठेवते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं, की ती टीएसएच नावाचं संप्रेरक जास्त सोडते. त्यामुळे रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा थायरॉइड मंदावलेली असते. टीएसएच फारच कमी असेल, तर ती गरजेपेक्षा जास्त काम करत असण्याची शक्यता असते. आकडा वाढला म्हणजे ‘थायरॉइड वाढला’, हा समज त्यामुळे उलटा ठरतो.

ग्रंथी मंदावली की थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, थोडं वजन वाढणं अशी लक्षणं दिसतात. ती सावकाश येतात आणि ‘कामाचा ताण असेल’ म्हणून सहज दुर्लक्षित होतात. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या भागांत याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटो हा आजार. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर हल्ला करते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

पाळी आणि गर्भधारणेशी त्याचा संबंध काय?

थायरॉइड मंदावली, की मेंदूतून तिला जागं करणारे संदेश वाढतात. त्याच संदेशांमुळे प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरकही वाढू शकतं. बाळाला पाजणाऱ्या आईच्या शरीरात दूध तयार होण्यासाठी जे संप्रेरक वाढलेलं असतं, तेच हे. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजांडकोशाला मिळणारे इशारे दबतात आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी लांबते, चुकते किंवा रक्तस्राव खूप होतो. काही स्त्रियांमध्ये पाळी नियमित दिसते, पण दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही.

गर्भ राहिल्यावरही थायरॉइडचं काम संपत नाही, उलट वाढतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड पुरेशी कामाला लागलेली नसते. त्या काळात बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं थायरॉक्सिन आईच्या रक्तातून येतं. आईची ग्रंथी खूप मंदावलेली असेल आणि उपचार सुरू नसतील, तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि रक्तदाबाच्या त्रासाचा धोका वाढतो.

ग्रंथी अतिवेगाने काम करत असेल, तरीही पाळी बिघडते. वजन घटणं, छातीत धडधड, हात थरथरणं ही त्याची लक्षणं. या आजारावरच्या काही गोळ्यांमुळे गर्भाच्या पहिल्या महिन्यांत बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा स्त्रीने मुलाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं का, हे ठरवावं लागतं. पुरुषांमध्येही थायरॉइडच्या ठळक बिघाडाचा शुक्राणूंवर आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो.

भारतात हे प्रमाण किती आहे?

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइड मंदावलेली आढळली. स्त्रियांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. काही जणांना आपल्याला हा त्रास आहे, हे तपासणी होईपर्यंत माहीतच नव्हतं.

आयोडीनची कमतरता हे एकेकाळी देशातलं मोठं कारण होतं. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५० च्या दशकात प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड घटतो, हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गोष्ट साध्या मिठाची असली, तरी इथेही मीठ बदललेला आणि न बदललेला असे दोन्ही भाग पाहूनच निष्कर्ष काढला गेला होता. आज घरात नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ असेल, तर बहुतेकांची गरज भागते.

मग थायरॉइडची गोळी घेतली की मूल होतं का?

याचं उत्तर रुग्णागणिक बदलतं, आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो.

ग्रंथी स्पष्टपणे मंदावलेली असेल, म्हणजे टीएसएच वाढलेलं आणि टी-४ घटलेलं असेल, तर लिव्होथायरॉक्सिन ही गोळी द्यायलाच हवी, यावर दुमत नाही. शरीरात कमी पडणारं संप्रेरकच ती भरून काढते. पाळी सुधारते, बीज बाहेर पडू लागतं, गर्भपाताचा वाढलेला धोका कमी होतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. वंध्यत्वाच्या तक्रारीसाठी आलेल्या ३९४ स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के स्त्रियांची थायरॉइड मंदावलेली होती. उपचारानंतर त्यांच्यातल्या सुमारे ७७ टक्के स्त्रियांना वर्षभरात दिवस राहिले. आकडा मोठा आहे, पण त्यात उपचार न दिलेला तुलनेचा गट नव्हता. वैदूच्या पुडीला जो प्रश्न विचारायचा, तोच इथेही विचारावा लागतो. या ७७ टक्क्यांपैकी किती जणींना उपचाराविनाही दिवस राहिले असते? तपासणी महत्त्वाची आहे, हे हा अभ्यास सांगतो. गोळीने १०० पैकी ७७ जणींना मूल होतं, असं मात्र तो सिद्ध करत नाही.

तुलनेचा गट घेऊन तपासल्यावर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये मिळालं. तिथे ४९ रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. यातल्या स्त्रियांचं थायरॉइडचं काम सामान्य होतं, पण रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली होती. त्यांना गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास होता. अशांना ही गोळी दिली तर मूल होण्याची शक्यता वाढेल, अशी अनेक डॉक्टरांची अपेक्षा होती. एकूण ९५२ स्त्रिया चाचणीत सहभागी झाल्या. गोळी घेतलेल्यांपैकी ३७.४ टक्के स्त्रियांना ठरलेल्या मुदतीत जिवंत मूल झालं. खोटी गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७.९ टक्के होतं. म्हणजे फायदा काहीच दिसला नाही.

या दोन टोकांच्या मध्ये मोठा गट उरतो. त्यात टीएसएच थोडं वाढलेलं आणि टी-४ सामान्य असतं. टीएसएच १० च्या वर असेल, तर सहसा उपचार देतात. त्याखाली असेल, तर वय, प्रतिपिंडं, आधीचे गर्भपात आणि आयव्हीएफचा बेत आहे का, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. थोडं वाढलेलं टीएसएच अनेकांमध्ये काही महिन्यांनी औषधाविनाच सामान्य होतं. म्हणून एका रिपोर्टवर घाबरून न जाता तपासणी पुन्हा करतात. ‘आमच्या काढ्याने टीएसएच उतरलं’ अशा अनेक अनुभवांमागे हेच कारण असू शकतं.

कोणत्या उपायांबद्दल सावध राहायला हवं?

थायरॉइड मुळापासून बरा करणारे काढे: हाशिमोटोमुळे खराब झालेली ग्रंथी पूर्ववत करतं, असं सिद्ध झालेलं औषध कोणत्याही पद्धतीत उपलब्ध नाही. धोका असतो तो गोळी बंद करण्यात. लिव्होथायरॉक्सिनचा अंश शरीरात काही आठवडे राहतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही आणि काढ्यावर विश्वास बसतो. त्याच काळात दिवस राहिले, तर बाळाला सर्वाधिक गरज असतानाच आईच्या रक्तातलं संप्रेरक घटत असतं.

अश्वगंधा: ही वनस्पती थायरॉइड संप्रेरकांचं प्रमाण वाढवू शकते. ती घेतल्यानंतर थायरॉइड अतिवेगाने काम करू लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. गोळीसोबत ती घेतली, तर मात्रेचा अंदाजच चुकतो. गरोदरपणात ती टाळण्याचा सल्ला दिला जातो.

समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल: ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून त्या विकल्या जातात. गरजेपेक्षा खूप जास्त आयोडीन मिळालं, तर संवेदनशील माणसांमध्ये थायरॉइड बिघडू शकते.

केस आणि नखांसाठीच्या गोळ्या: त्यात बायोटिनचं प्रमाण बरंच असतं. बायोटिनमुळे थायरॉइडला इजा होत नाही, पण अनेक यंत्रांवर तपासणीचे आकडे चुकीचे येतात. टीएसएच प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी अशा गोळ्या थांबवायला सांगतात.

पुरुषांसाठी ‘शुक्राणू वाढवणाऱ्या’ गोळ्या: त्यांत बहुधा झिंक आणि फॉलिक ॲसिड असतं. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना या दोन्ही गोष्टी सहा महिने दिल्या गेल्या. त्यामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि वीर्याचा दर्जाही सुधारला नाही. स्त्रीने गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेणं मात्र सिद्ध आणि आवश्यक आहे. ते गर्भ राहण्यासाठी नव्हे, तर बाळाच्या मज्जारज्जूतलं व्यंग टाळण्यासाठी दिलं जातं.

दवाखान्यातले ‘जादा’ उपचार: आयव्हीएफच्या बिलात काही वेळा अशा गोष्टी जोडल्या जातात, ज्यांचा फायदा सिद्ध झालेला नसतो. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याची पद्धत काही वर्षं जगभर लोकप्रिय होती. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण सारखंच, २६.१ टक्के निघालं. ब्रिटनमधली नियामक संस्था अशा जोड-उपचारांना पुराव्यानुसार गुण देऊन ती यादी लोकांसमोर ठेवते.

‘घेऊन तर बघू, नुकसान काय?’

पहिलं नुकसान वेळेचं होतं. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि दर्जा वेगाने घटतो. बत्तिसाव्या वर्षी सुरू झालेले चार वैदू आणि दोन बाबा संपेपर्यंत सदतिसावं वर्ष लागलं, तर नंतर उत्तम उपचार मिळाले तरी मधली पाच वर्षं भरून निघत नाहीत. बंद झालेल्या बीजनलिका किंवा वीर्यात शुक्राणू नसणं, अशी कारणं कोणत्याही पुडीने बदलत नाहीत.

दुसरं नुकसान थेट शरीराचं होतं. न्यूयॉर्क शहरात २०११ आणि २०१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचं धोकादायक प्रमाण आढळलं. तपासात त्या सगळ्या जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधं घेत असल्याचं समोर आलं. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं. यावरून सगळीच आयुर्वेदिक औषधं विषारी ठरत नाहीत. पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. बाळ हवं म्हणून घेतलेली पुडी बाळ पोटात असतानाही चालू राहते, हा खरा धोका आहे.

तिसरं नुकसान पैशाचं आणि मनाचं होतं. उपाय लागू पडला नाही, की दोष औषधाला दिला जात नाही. पथ्य पाळलं नाही, श्रद्धा कमी पडली, असं म्हणून तो त्या बाईच्याच माथी येतो.

कायदा काय सांगतो?

‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ चा आहे. काही आजारांवर औषध असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने बंदी घातली आहे. या आजारांच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे, पाळीचे विकार आहेत आणि गलगंडही आहे. म्हणजे मूल होण्याचं औषध आणि थायरॉइडच्या गाठीचं औषध, या दोन्हींच्या जाहिराती एकाच कायद्याच्या कक्षेत येतात. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, अशी शिक्षेची तरतूद आहे.

महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अलौकिक शक्तीने मूल होईल असं आश्वासन देऊन मूल न होणाऱ्या स्त्रीशी लैंगिक संबंध ठेवणं, हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. गर्भातल्या बाळाचं लिंग बदलून देण्याचा दावाही त्यात येतो. यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या अनुसूचीत या गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्या लागल्या, यावरूनच मूल नसलेल्या बाईच्या हतबलतेचा फायदा कसा घेतला जातो, हे दिसतं.

२०१५ मध्ये ‘पुत्रजीवक बीज’ या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधावरून राज्यसभेत गदारोळ झाला होता. नावातल्या ‘पुत्र’ शब्दामुळे ते मुलगा होण्यासाठी विकलं जात असल्याचा आक्षेप घेतला गेला. हे वनस्पतीचं नाव असून औषध वंध्यत्वासाठी आहे, असा खुलासा उत्पादकांच्या बाजूने झाला. तेव्हाची चर्चा बहुतांशी नावाभोवती फिरली. पण वंध्यत्वासाठी ते उपयोगी पडतं याचा तुलना करून मिळालेला पुरावा कुठे आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता.

जोडप्याने सुरुवात कुठून करावी?

पहिली पायरी म्हणजे दोघांनी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं. स्त्रीची टीएसएच तपासणी आणि पुरुषाची वीर्य तपासणी, या दोन्ही सुरुवातीलाच करता येतात. टीएसएचसाठी साधारण काही शे रुपये खर्च येतो आणि उपाशीपोटी जाणं बंधनकारक नसतं. अहवाल असामान्य आला, तर टी-४ आणि गरजेनुसार प्रतिपिंडांची तपासणी होते. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, तर आधी थायरॉइड तपासतात. थायरॉइडमुळेच ते वाढलेलं असेल, तर उपचारांनंतर खाली येतं.

लिव्होथायरॉक्सिन सुरू झालं, तर ते सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायचं असतं. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा आणि नाश्ता टाळायचा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे हे औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवतात. मात्रा बरोबर आहे का, हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावरच कळतं. गर्भधारणेआधी टीएसएच २.५ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला जातो.

पाळी चुकली आणि घरच्या चाचणीत दोन रेषा दिसल्या, की लगेच डॉक्टरांना कळवणं महत्त्वाचं ठरतं. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज वाढते आणि बहुतेक स्त्रियांची मात्रा सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढवावी लागते. ‘पोटात बाळ आहे, आता गोळ्या नकोत’ या काळजीपोटी गोळी बंद करणं, ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक ठरू शकते.

टीएसएच सामान्य आलं, तर थायरॉइडचा विषय तिथेच संपतो. मग बीजनलिका, बीजांडकोश, शुक्राणू अशा इतर कारणांकडे वळायचं. काही जोडप्यांमध्ये सगळ्या तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही. अशा वेळी सिद्ध झालेले उपचार आणि आपलं वय यांचा मेळ घालून निर्णय घ्यावा लागतो.

आणि तरीही कुणी खात्रीचा पत्ता दिलाच, तर जाण्याआधी तीन प्रश्न विचारता येतात. या औषधात नेमकं काय आहे? ज्यांना गुण आला नाही, असे किती जण होते? आणि हे औषध न घेता त्यांच्यासारख्या किती जणांना मूल झालं? गावचा वैदू असो की शहरातला तज्ज्ञ, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळत नसतील, तर पैसे आणि पुढचे सहा महिने खर्च करण्याआधी थांबलेलं बरं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)